काचेला द्यायचं पाणी

तपासणी केंद्रातला माणूस सगळ्यात शेवटी वायपरच्या दांडीकडे वळला. तोवर माझी गाडी एकेक परीक्षा पास होत आली होती. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर. गाडी वीस वर्षांची, पण त्यानं टायरवरून हात फिरवून “बरी ठेवलीय” म्हटलं, तेव्हा माझ्या तोंडी देवाचं नाव आपोआप आलं. मग त्यानं दांडी स्वतःकडे ओढली. बॉनेटखालून घर्र असा आवाज आला. वायपर कोरड्या काचेवर करकरत दोनदा फिरले. पाणी आलं नाही.

त्यानं पुन्हा ओढली. घर्र. करकर.

“टाकीत पाणी नाही का हो?”

“काठोकाठ आहे,” मी म्हणाले. “मीच रोज घालते.”

“मग जातं कुठे?”

मी तोंड उघडणार तेवढ्यात माझा थोरला भाऊ पुढे झाला. “अहो, तिला काय विचारता, मला विचारा. साधं पाणी तर आहे. काच फडक्यानं पुसता येते. एवढ्याशासाठी नापास करणार?”

“आणि गाडी चालू असताना फडकं घेऊन पुढे कोण पळणार? तुम्ही?” त्या माणसानं कागदाच्या शेवटच्या रकान्यात फुली मारली. मग माझ्याकडे बघून जरा हळू आवाजात म्हणाला, “आज चारच्या आत दुरुस्त करून आणा. रांग नको, काही नको, लगेच बघतो. चारनंतर आलात तर नवी तारीख, आणि ती तीन आठवड्यांनंतरची.”

तीन आठवडे माझ्याकडे नव्हते. सोमवारी सकाळी नऊला मला एका वृद्धाश्रमात कामावर हजर व्हायचं होतं. इथून साडेचार तासांवर, टेकडीवर. तिथे अकरा म्हातारी माणसं. त्यांना डॉक्टरकडे, बाजारात, कुणाच्या भेटीला न्यायचं आणि परत आणायचं, संध्याकाळी वाचून दाखवायचं. राहायला खोली. तिथल्या संचालिकाबाई फोनवर म्हणाल्या होत्या, “खोलीला दोन खिडक्या आहेत, एक पूर्वेची.” अट एकच होती: गाडी स्वतःची हवी आणि तिचा तपासणीचा दाखला चालू हवा. माझा दाखला त्या दिवशी संपत होता. मी पोचले नाही तर ती जागा घ्यायला दुसरी एक बाई तयार होतीच.

खिडक्यांचं एवढं कौतुक का, ते सांगते. यजमान गेले तेव्हा दादा मला “चार दिवस चल” म्हणून आपल्या घरी घेऊन आला. त्या चार दिवसांना सहा वर्षं झाली. मला दिलेली खोली मुळात कपडे धुण्याच्या मशीनची. मशीन अजून तिथेच आहे. वहिनी कपडे टाकायला आल्या की मी कॉटची घडी घालते आणि इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहते. खिडकी नाही. मशीनच्या गोल काचेतून आत गरगरणारे कपडे दिसतात, तोच काय तो माझा देखावा.

मला कुणी छळलं असं मी म्हणणार नाही. म्हटलं तर पाप लागेल. अडचण उलटीच होती. डॉक्टरकडे गेलं की माझं कुठे दुखतं ते दादा सांगायचा. फोन आला की “ती बरी आहे” असं दादा सांगायचा. चपलांच्या दुकानात माझं मापसुद्धा त्यानंच सांगितलं, “तिला पाच नंबर होतो.” मला सहा लागतो. दुकानदारापुढे त्याला खोटं पाडायला नको म्हणून मी गप्प राहिले, आणि पुढे दर वेळी पाच नंबरच येत गेला. चपलेमागे अर्धी टाच जमिनीवर टेकवत चालायची आता मला सवय झाली आहे.

इमारतीच्या तळघरात आमच्या वाट्याला गाडी ठेवायचा एक अरुंद पट्टा आहे, एकीमागे एक अशा दोन गाड्या मावतील एवढा. आत, भिंतीला नाक लावून, माझी. तिच्या मागे दादाची. एका अंगाला खांब, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची मोठी गाडी. मला बाहेर पडायचं तर आधी विचारावं लागतं, “दादा, गाडी काढतोस का?” तो कधीही नाही म्हणाला नाही. फक्त विचारायचा, “कुठे जायचंय? किती वेळ लागेल? मीच सोडतो की!” म्हणून मग माझं जाणं आठवड्यातून एकदा, दोन गल्ल्या पलीकडच्या बाजारापुरतं उरलं होतं.

त्या दिवशी केंद्रावरून परत आलो तेव्हाही दादानं मागोमाग आणलेल्या आपल्या गाडीतून खाली उतरून हातवारे करत मला आत घेतलं, “ये, ये, ये, अजून ये, बस!” आणि मी इंजिन बंद करते न करते तोच त्याची गाडी माझ्या मागे येऊन चिकटली. त्याच्या मनात काही नव्हतं, हाताला सवय होती. मी आरशात पाहिलं तर त्याच्या गाडीचे दोन दिवे माझ्या पाठीशी, डोळे वटारल्यासारखे.

“दादा, आज बाहेरच ठेवली असतीस. चारच्या आत परत जायचंय ना.”

“अगं, आधी दुरुस्त तर व्हायला हवी? आज शनिवार, मेकॅनिक दुपारी बंद. सोमवारी दाखवू.”

“सोमवारी मला तिथे पोचायचंय.”

“ते बघू गं, धाकटे.”

‘बघू’ हा दादाचा आवडता शब्द. ‘नाही’पेक्षा मऊ आणि ‘नाही’पेक्षा पक्का.

साडेअकरा झाले होते. मी वर जाऊन टॉर्च, पक्कड, टाचणी, जुना दात घासायचा ब्रश, एक जुनी वाटी आणि कपड्यांचा टब घेऊन आले. दादा हसायला लागला. “तू करणार?”

खरं सांगायचं तर मी गाडीचं कधीच काही केलं नव्हतं. सगळं यजमान करायचे. मी टॉर्च धरायचे. हात त्यांचे, उजेड माझा. पण वर्षानुवर्षं टॉर्च धरून माणसाला सगळं दिसतंच की, आणि ते काम करताना बोलायचेही. “पाणी येत नसेल तर आधी कान दे,” ते म्हणायचे. “घर्र आवाज येतोय? मग फ्यूज शाबूत, मोटर शाबूत. पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडलंय. टोकापासून सुरू कर आणि मागे मागे ये.”

मी टोकापासून सुरू केलं. बॉनेटवर काचेच्या पायथ्याशी दोन बारीक तोट्या असतात. दोन्हींच्या भोकांत टाचणी घालून फिरवली. उजवीतली टाचणी जरा जास्तच फिरली आणि तोटीचं तोंड वाकडं झालं. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

एवढ्यात घड्याळात बारा झाले आणि मी बोलणं थांबवलं.

बारा ते एक मी मौन पाळते. एकोणीस वर्षांचा नेम आहे. तरुणपणी माझी जीभ फार चालायची, आणि तिच्यावरून एकदा एक वाक्य असं निसटलं की ते परत घेता आलं नाही. तेव्हापासून रोज एक तास जिभेला कुलूप. बाहेर कुणाला खटकू नये म्हणून मी आधीच सांगून ठेवते. संचालिकाबाईंनाही सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “आमच्याकडे निम्म्यांना ऐकूच येत नाही, तुमचं मौन कुणाला कळायचंसुद्धा नाही.”

“वाजले का बारा?” दादा खांबाला टेकून म्हणाला. “बरं झालं. आता तरी माझं नीट ऐकशील. तिथे थंडी किती असते ठाऊक आहे? आणि अकरा म्हातारे! तू गेलीस की बारावी. इथे तुला काय कमी आहे? सांग ना, काय कमी आहे?”

मी बॉनेट उघडलं. तोट्यांकडे जाणारी रबरी नळी उपसून तिचं टोक बाटलीत धरलं आणि दादाला खुणेनं आत बसायला सांगितलं. तो लगेच बसला. मदतीला तो कधीच मागे नसतो.

“ओढू?”

मी मान हलवली. घर्र. नळी कोरडी.

म्हणजे अडलेलं आणखी मागे होतं. टाकीच्या बुडाशी पंप खोचलेला असतो. त्याच्यापाशी नळी काढली. तिथे पाण्याची धार लागायला हवी होती. एक थेंब आला, बराच वेळ लोंबकळला आणि पडला. मग दुसरा.

आता एकच जागा उरली. मी टब खाली सरकवला, पंप दोन्ही हातांत धरला आणि हलवत हलवत बाहेर ओढला. भसकन टाकी रिकामी झाली. निम्मं टबात, थोडं माझ्या बाहीवर. पाण्याला शेवाळाचा आंबूस वास येत होता. पंपाच्या तोंडाशी करंगळीच्या नखाएवढी जाळी असते, ती दिसेचना. तिच्यावर राखाडी, बुळबुळीत थर बसला होता, आणि थरात अडकलेल्या, काळ्या पडलेल्या पाकळ्यांच्या चिंध्या.

दादा मागून वाकला. “शी! हे काय गं? टाकीत हे कुणी घातलं?”

मला उत्तर देता येत नव्हतं. त्या घटकेला मौनाचे उपकारच वाटले. ते घालणारी मीच होते.

मी रोज पहाटे देवापुढे वाटीभर पाणी ठेवते. त्यात एक फूल आणि मधाचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी फूल काढून ठेवायचं आणि पाणी कुणाच्या पायाखाली येणार नाही, गटारात जाणार नाही अशा जागी द्यायचं, हा माझा मीच घेतलेला नेम. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी आम्ही वरच्या मजल्यावर राहायला गेलो, आणि तिथे माती म्हणून नव्हती. मी वाटी हातात धरून दारात उभी असायचे. एक दिवस यजमान म्हणाले, “असं कर, तुझ्या देवाचं पाणी माझ्या काचेला दे. निदान रस्ता तरी नीट दिसेल.” थट्टा होती ती, पण मला पटली. तेव्हापासून ते पाणी गाडीच्या टाकीत जाऊ लागलं. ते रोज गाडी चालवायचे, रोज काच धुवायचे, पाणी उडून जायचं. ते गेल्यावर गाडी दादाच्या तळघरात आली आणि उभी राहिली. मी मात्र रोज खाली येऊन वाटी ओतत राहिले. बाजाराच्या फेरीत काच धुतली की थोडं कमी व्हायचं. अलीकडे महिनाभर काच धुवायची वेळच आली नव्हती, टाकी गळ्यापर्यंत भरलेलीच असायची, तर जास्तीचं पाणी मी बाटलीत साठवत होते. भरलेली टाकी पाहून मला समाधान वाटायचं.

तो थर मी ब्रशनं खरवडला. टाकवेना, म्हणून त्या जुन्या वाटीत काढून ठेवला. टबातलं पाणीही सांडवेना, ते रिकाम्या बाटल्यांत भरून डिकीत ठेवलं. टेकडीवर माती असेल, असं मनात आलं, आणि आपण अजून टेकडीचा विचार करतोय याचं मलाच नवल वाटलं. मग खालच्या नळावरून साधं पाणी आणून टाकी दोनदा विसळली, तोंडानं फुंकून नळी मोकळी केली, पंप बसवला, टाकी भरली. मी उकिडवी बसले होते, टाचा चपलांबाहेर. दादा त्याच बाजूला उभा होता. मध्येच त्याचं बोलणं थांबलं होतं.

बॉनेट लावून मी गाडीत बसले आणि दांडीकडे हात नेला, तेवढ्यात फोन वाजला. फोन बॉनेटवर होता. अर्थातच दादानं उचलला. त्याला जरा कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा करून त्यानं फोन तोंडापुढे धरला आणि कोपर बॉनेटवर टेकलं.

“हो, मी तिचा भाऊ. ती आत्ता बोलणार नाही, तिचं मौन असतं. मला सांगा ना.”

“सोमवारचं नक्की आहे ना, एवढंच विचारायचं होतं,” संचालिकाबाईंचा आवाज तळघरभर घुमला. “नसेल तर त्या दुसऱ्या बाईंना आजच कळवते.”

“त्याचं काय आहे, गाडी नापास झालीय. आणि तिची प्रकृतीही तशी नाजूकच. मला वाटतं, तुम्ही त्या दुसऱ्या बाईंना...”

काचेच्या आत मी, बाहेर तो. माझी जागा माझ्या डोळ्यांदेखत जात होती आणि घड्याळात पाऊण वाजला होता. पुढे जे झालं ते ठरवून केलं असं म्हणू नये, आणि चुकून झालं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मी दांडी ओढली.

डावीकडून सुरेख धार काचेवर आली. उजवी तोटी टाचणीनं वाकडी झालेली. तिची धार सरळ दादाच्या कानात.

“अगं! अगं बंद कर! अगं ए!”

“काय झालं? काय झालं हो?” फोनमधून.

मी हॉर्न दाबला. तळघरात तो केवढा वाजतो हे मला ठाऊक नव्हतं.

“त्या तिथेच आहेत का?” बाईंना बहुतेक हसू येत होतं. “हे बघा, येणार असाल तर दोनदा वाजवा.”

मी दोनदा वाजवला. दुसऱ्यांदा जरा लांबच वाजला.

“ठीक. मग मी कुणाला कळवत नाही. पण दाखला घेऊनच या हो. त्याशिवाय मला ठेवून घेता येणार नाही.”

दादानं फोन ठेवला. कान पुसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “शर्ट बदलून येतो,” आणि लिफ्टकडे गेला. त्याची गाडी माझ्या मागे तशीच होती.

एक वाजला. माझा आवाज मला परत मिळाला, आणि बोलायला समोर कुणी नव्हतं. टाचणीनं उजव्या तोटीचं तोंड सरळ केलं, पाचदा पाणी उडवून पाहिलं. गाडी तयार होती. चाकं होती, पेट्रोल होतं, पाणी होतं. पुढे भिंत, मागे दादाची गाडी.

वर गेले तर ताटं मांडलेली. “आधी जेवून घे,” दादा म्हणाला. जेवणं झाली. हात धुऊन तो आतल्या खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. गाडीची किल्ली उशाशी.

स्वयंपाकघरात वहिनी भांडी आवरत होत्या. “वन्सं, तुम्ही यांना भिजवलंत?”

“हो, वहिनी.”

“कानात पाणी गेलं म्हणून कुरकुरताहेत. तीस वर्षं मी सांगतेय ते कधी आत गेलं नाही, पाणी बरं गेलं!” त्यांनी ताट पालथं घातलं. “किल्ली मागा ना मग. वेळ किती उरलाय?”

“झोपलाय तो.”

“झोपलेत कसले! हे झोपले की खालच्या मजल्यापर्यंत कळतं. ऐका बरं, काही ऐकू येतंय का?”

घर चिडीचूप होतं.

“मीच काढली असती,” वहिनी म्हणाल्या, “पण मला उलटी घेता येत नाही. एकतर खांब जाईल, नाहीतर मी.” आणि जरा थांबून, माझ्याकडे न बघता, “तुम्ही गेलात तर मला घर खायला उठेल, हेही खरं. पण ते माझं मी बघेन.”

मी माझ्या खोलीत जाऊन बसले. मशीन चालू होतं. गोल काचेत दादाचा निळा शर्ट येत होता आणि जात होता, एक बाही वर करून, जशी कुणाला हाक मारावी. अडीच. पावणेतीन. केंद्र पंचवीस मिनिटांवर. मी जप सुरू केला, पण मणी मोजण्याऐवजी मी मिनिटं मोजतेय हे माझ्या लक्षात आलं आणि माळ खाली ठेवली. झोपलेल्याला उठवू नये, हेही मी आयुष्यभर पाळत आले होते. पण तो झोपलेला नव्हता, आणि ते आम्हां तिघांनाही माहीत होतं.

तीनला मी गाळाची ती वाटी घेतली आणि आत गेले.

“दादा.”

तो हलला नाही. मग भिंतीला म्हणाला, “आईला शब्द दिलाय मी. तुला एकटं पडू देणार नाही म्हणून.”

“ठाऊक आहे. हे बघ.”

मी वाटी त्याच्यापुढे धरली. तो कोपरावर उठला, नाक मुरडलं. “हे कशाला आणलंस आता?”

“हे मी घातलंय टाकीत. रोज एक वाटी, देवापुढचं पाणी. एक दिवस चुकवला नाही. अगदी चांगल्या मनानं घातलं, दादा. गाडी चालत होती तेव्हा ते वाहून जायचं. गाडी उभी राहिली, तरी मी घालतच राहिले.”

“आणि तुला कळलं नाही?”

“टाकी भरलेली दिसायची ना. मला वाटायचं, सगळं ठीक आहे.”

त्यानं वाटी हातात घेतली. बोटानं थर हलवला, एक काळी पाकळी बाजूला केली. पलीकडे मशीन थांबलं आणि तीनदा वाजलं. कुणी उठलं नाही.

“चपला तुला लहान होतात का?” त्यानं एकदम विचारलं.

“होतात.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मग सांगायचं नाही?”

“तू विचारलं नाहीस. आणि मीही सांगितलं नाही. चूक माझीसुद्धा आहे.”

त्यानं वाटी माझ्या हातात परत दिली, जपून, सांडू न देता. पाय खाली सोडले, किल्ली चाचपली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

तळघरात त्यानं गाडी मागे घेतली. घाईत खांबाला आरसा घासला, तरी थांबला नाही. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाला, “मी येतो बरोबर.”

“नको. मी जाते.”

“किती वेळ...” म्हणाला आणि पुढचं त्यानं स्वतःच गिळलं.

केंद्रावर पोचले तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती. तोच माणूस दार ओढायच्या बेतात होता. “आलात? आणि ते फडकेवाले?”

“घरी आहेत.”

“कुणाकडून करून घेतलंत?”

“माझं मीच.”

त्यानं भुवया उंचावल्या आणि दांडी ओढली. डावीकडून पाणी आलं. उजवीकडून काही नाही. पुन्हा ओढली. डावीकडून आलं, उजवी तोटी नुसती ओली झाली.

“दोन्हीकडून यायला हवं, बाई.”

“आणखी एकदा,” मी म्हणाले. देवाकडे मी सहसा काही मागत नाही, मागू नये असा माझा नेम आहे. तेव्हा मागितलं.

त्यानं तिसऱ्यांदा ओढली आणि धरून ठेवली. उजवी तोटी खोकल्यासारखी फुसफुसली, तिच्यातून एक काळा कण उडून काचेवर बसला, आणि पाठोपाठ धार आली. वायपर त्या कणाला घेऊन गेले. काचेच्या पलीकडे फाटक दिसत होतं, त्याच्या पुढे रस्ता. त्यानं फुली खोडून शिक्का मारला.

घरी परतले तर आमचा पट्टा मोकळा होता. दादाची गाडी कुठे दिसेना. तो स्वतः खांबापाशी उभा होता, हातात चपलांचं नवं खोकं.

“गाडी कुठे आहे तुझी?”

“रस्त्यावर लावलीय. राहू दे तिथे.” मी नेहमीसारखी आत शिरू लागले तसा त्यानं हात आडवा केला. “अशी नको. आज उलटी लाव, नाक बाहेर. म्हणजे उद्या सरळ निघता येईल.”

मला उलटी लावायची सवय नव्हती. तो मागे उभा राहून हातवारे करत राहिला, “ये, ये, डावीकडे घे, बघ तूच आरशात, तुला दिसतंय ना?” मला दिसत होतं.

रविवारी पहाटे मी आदल्या दिवशीच्या पाण्यातलं फूल काढलं आणि वाटी घेऊन सवयीनं खाली आले. सामान डिकीत होतं, सहा नंबरच्या चपला पायात. टाकीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. यापुढे तिथे साधंच पाणी. पण मग या वाटीचं काय करायचं?

मग ते पाणी मी पिऊन टाकलं. इतक्या वर्षांत हे सुचलंच नव्हतं. किंचित गोड लागलं.